चंदनाआधी यजमान: नागपूर परिसरात चंदन लावणाऱ्या नवख्यांसाठी

चंदन एकट्याने वाढत नाही. नागपूर परिसरात चंदनाची रोपे हौसेने विकत घेतली जातात, पहिल्या पावसाळ्यात ती हिरवीगार दिसतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात एकामागून एक पिवळी पडून वाळतात. मग दोष कधी नवतप्याच्या उन्हाला दिला जातो, कधी रोपवाटिकेला, कधी नशिबाला. पण मेलेल्या रोपाभोवतीची माती उकरून पाहिली, तर अनेकदा कारण समोरच असते: जवळपास दुसऱ्या कोणत्याही झाडाचे मूळ नसते.

चंदन, म्हणजे शास्त्रीय नावाने सँटॅलम अल्बम, हे मध्यम उंचीचे सदाहरित झाड अर्धपरोपजीवी आहे. त्याची पाने हिरवी असल्यामुळे ते स्वतःचे अन्न स्वतः तयार करते. मात्र पाण्याचा काही भाग आणि नत्र, स्फुरद यांसारखी द्रव्ये ते शेजारच्या झाडांच्या मुळांतून ओढून घेते. त्यासाठी त्याच्या मुळांवर बारीक गाठींसारखे शोषक अवयव तयार होतात, जे शेजाऱ्याच्या मुळाला बिलगून आत शिरतात. ज्या झाडावर ते असे अवलंबून राहते त्याला यजमान म्हणतात. गवतापासून मोठ्या वृक्षांपर्यंत तीनशेहून अधिक वनस्पती चंदनाचे यजमान होऊ शकतात, असे आढळले आहे. मराठीतला हा शब्द इथे अगदी चपखल बसतो, कारण हा पाहुणा वीस वर्षे मुक्काम करणारा आहे आणि त्याच्या जेवणाची सोय तो येण्यापूर्वीच करून ठेवावी लागते. पुढील सर्व मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती फिरते.

हे झाड कशासाठी लावायचे

चंदनाचा सुगंध पानांत नसतो, फुलांत नसतो आणि खोडाच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडातही नसतो. तो फक्त खोडाच्या आणि मुळांच्या आतील पिवळसर ते तपकिरी गाभ्यात असतो. हा गाभा साधारणपणे दहाव्या वर्षाच्या आसपास धरू लागतो आणि त्यानंतर वर्षागणिक वाढत जातो. म्हणून चंदनाचे वय आणि त्याची किंमत यांचा संबंध इतर कोणत्याही इमारती लाकडापेक्षा जवळचा आहे. आठ वर्षांचे झाड कितीही डौलदार दिसले, तरी बाजाराच्या दृष्टीने ते बहुतांशी पांढरे लाकूडच असते.

गाभ्याचा घरगुती उपयोग सर्वांना परिचित आहे. सहाणेवर खोड उगाळून काढलेले गंध देवपूजेला लागते, उन्हाळ्यात अंगाला आणि कपाळाला लावले जाते. पंढरपुरात चैत्रापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत विठ्ठलाला चंदनउटी लावण्याची परंपरा आहे. आयुर्वेदात चंदन शीत मानले जाते. औद्योगिक उपयोग मुख्यतः तेलाचा आहे. गाभ्याचा भुसा करून वाफेच्या साहाय्याने तेल काढले जाते, आणि त्यातील अल्फा-सँटॅलॉल व बीटा-सँटॅलॉल या दोन घटकांच्या प्रमाणावर त्याची प्रत ठरते. हे तेल सावकाश उडते आणि स्वतःबरोबर इतर नाजूक वासांनाही धरून ठेवते, म्हणून कनौजचे पारंपरिक अत्तरकार गुलाब, केवडा, मोगरा यांचा अर्क चंदनतेलातच उतरवीत आले. याखेरीज कोरीवकाम, माळा, धूप आणि अगरबत्ती यांसाठी गाभा वापरतात. तेल काढून उरलेला भुसाही धुपाच्या कामी येतो. बाहेरचे पांढरे लाकूड खेळणी, कातकाम आणि अगरबत्तीच्या भरणीसाठी जाते, पण त्याला मिळणारा भाव गाभ्याच्या भावाशी तुलना करण्याजोगा नसतो.

नावांमुळे होणारे दोन घोटाळे इथेच दूर केलेले बरे. रक्तचंदन हे संपूर्णपणे वेगळे झाड आहे. ते शेंगा धरणाऱ्या कुळातील, मुख्यतः आंध्र प्रदेशाच्या पूर्व घाटातील असून त्याच्या लाल लाकडाला चंदनाचा वास नसतो. गोपीचंदन तर लाकूडच नव्हे, ती माती आहे.

जमीन: पहिली आणि बहुधा शेवटची परीक्षा

चंदनाला मुरमाड, तांबूस, उताराची, पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. खडकाळ किंवा बरड जमिनीतही ते तग धरते, पण पाणी साचलेले त्याला मुळीच सोसत नाही. नागपूर जिल्ह्यात वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. एवढा पाऊस चंदनाला पुरेसा आहे; प्रश्न तो पडल्यानंतर कुठे जातो याचा आहे. खोल काळ्या कपाशीच्या जमिनीत ऑगस्टमधील झडीत आठ-आठ दिवस पाणी मुरत नाही, मुळे गुदमरतात, आणि ज्या रोपाने मे महिना काढला ते पावसाळ्यात मरते.

जमीन तपासण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. भर पावसाळ्यात दीड फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी शिल्लक असेल, तर त्या जागी सपाट लागवड करण्याचा विचार सोडून द्यावा. अशा वावरात चंदन लावायचेच असेल, तर धुऱ्यावर किंवा मुरूम मिसळून उंच केलेल्या वरंब्यावर लावता येते. विदर्भात काळ्या जमिनीच्या धुऱ्यांवर, बोरी-बाभळींच्या आडोशाला, पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून आपोआप उगवलेले चंदन दिसते. पाण्याचा निचरा, शेजारी यजमान आणि कोवळेपणी सावली या तिन्ही गोष्टी त्याला तिथे मिळालेल्या असतात. नवख्याने कोणतीही पुस्तिका वाचण्यापूर्वी अशा एका झाडाजवळ अर्धा तास उभे राहून त्याच्या आजूबाजूला काय काय वाढते आहे ते पाहावे, असे मला वाटते.

मातीचा सामू (pH), चुनखडी आणि खोली यांसाठी माती परीक्षण अवश्य करून घ्यावे. त्याबाबत नागपूरकर सुदैवी आहेत: राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय अमरावती मार्गावर आहे आणि महाराजबागेजवळचे कृषी महाविद्यालय १९०६ पासून शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत आले आहे.

हिशेब मांडताना

एका एकरात १० बाय १० फुटांवर ४३५ चंदने बसतात, प्रत्येकातून इतके किलो गाभा मिळेल, त्याला किलोमागे इतके हजार रुपये भाव येईल, म्हणून बाराव्या वर्षी अमुक कोटी हाती येतील, अशा स्वरूपाचा गुणाकार विक्रेते करून दाखवतात. या गुणाकारात तीन चुका असतात. पहिली, ४३५ चंदनांबरोबर यजमानांना जागाच उरत नाही. दुसरी, सगळी झाडे जगतील, सरळ वाढतील आणि चोरीला जाणार नाहीत असे त्यात गृहीत धरलेले असते. तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. चंदनाच्या गाभ्याचे चांगले आकडे ज्या कर्नाटक-तामिळनाडूच्या पट्ट्यातून येतात तो समुद्रसपाटीपासून साधारण ६०० ते १०५० मीटर उंचीवर आहे, तर नागपूर सुमारे ३१० मीटरवर. इथे चंदन वाढते यात शंका नाही, पण तिथला गाभा इथल्या कागदावर उतरवून घेणे योग्य नव्हे.

म्हणून सल्ला असा की चंदनाला मुख्य उत्पन्न मानू नये; पंधरा-वीस वर्षे घर यजमानांनी चालवावे आणि चंदन ही दूरची ठेव समजावी. १५ बाय १५ फुटांवर एकरी सुमारे १९३ चंदने बसतात, आणि मधल्या जागेत सीताफळ, आवळा, कढीपत्ता, तूर यांना मोकळा श्वास मिळतो. शिवाय सर्व क्षेत्रावर एकाच वर्षी लागवड न करता दरवर्षी थोडी थोडी केली, तर पहिल्या वर्षीच्या चुका तिसऱ्या वर्षी टाळता येतात आणि पुढे काढणीही टप्प्याटप्प्याने होऊन एकाच वर्षीच्या बाजारभावावर सारे अवलंबून राहत नाही.

यजमानांची निवड

यजमान तीन टप्प्यांत लागतात, आणि हे तिन्ही टप्पे एकमेकांत गुंतलेले असतात.

रोपवाटिकेतील पिशवीत चंदनाबरोबर एक छोटी वनस्पती असावी लागते. त्यासाठी बागेच्या कडेला शोभेसाठी लावतात ती लालसर पानांची अल्टरनँथेरा सर्वात सोयीची, कारण ती फांदीपासून लागते आणि कितीही छाटली तरी पुन्हा फुटते. ती चंदनाच्या वर जाऊन त्याला झाकू लागली की कात्रीने कापावी, पण उपटू नये.

शेतात गेल्यावर पहिली दोन वर्षे तूर हा उत्तम यजमान ठरतो. ती आपल्याकडे सर्वांना लावता येते, नत्र जमिनीत आणते आणि विरळ सावली देते. येथे एक चूक मात्र नेहमी घडते. विदर्भातील शेतकरी सवयीने डिसेंबर-जानेवारीत तूर बुडापासून कापतो. तसे केले की चंदनाचा यजमान नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर नाहीसा होतो. चंदनाजवळच्या तुरीच्या फक्त शेंगा तोडाव्यात, झाड उभे ठेवावे आणि जमेल तेवढे पाणी देऊन ते दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत जगवावे. तुरीच्या जोडीला शेवरी किंवा हादगा लावल्यास अधिक निश्चिंती राहते.

कायमचा यजमान हा वीस वर्षांचा सोबती असल्यामुळे त्याची निवड घाईने करू नये. करंज, बाभूळ, शिसव, सुरू, कासोद, काळा कुडा, मेलिया, कडुनिंब ही झाडे यजमान म्हणून चालतात. नागपूरच्या हवामानात मी करंज आणि सीताफळ यांच्या मिश्रणाला प्राधान्य देईन: करंज नत्र देतो, उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला नवी पालवी येते आणि जनावरे त्याला फारशी तोंड लावत नाहीत, सीताफळ बरड जमिनीत तग धरून चौथ्या-पाचव्या वर्षापासून काहीतरी विकायला देते. कडुनिंब मोठा झाल्यावर दाट सावली धरतो, त्यामुळे तो चंदनाच्या उत्तरेला आणि पुरेशा अंतरावर लावावा. कायमचे यजमान चंदनाच्या एक पावसाळा आधी लावले तर सर्वांत चांगले. एक वर्ष वाया गेल्यासारखे वाटते, पण ते पुढे वसूल होते.

संत्र्याच्या बगीच्यात चंदन लावावे काय, हा काटोल-नरखेडकडून नेहमी येणारा प्रश्न. माझे उत्तर नकारार्थी आहे. चंदन यजमानाकडून घेते, त्याला देत काही नाही. आणि ज्या काळात संत्र्याला बहरासाठी पाण्याचा ताण द्यावा लागतो, त्याच काळात कोवळ्या चंदनाला ओल हवी असते. बगीच्याच्या कुंपणाजवळ, संत्र्याच्या मुळांच्या टप्प्याबाहेर, स्वतंत्र यजमानांसह चंदन लावण्यास हरकत नाही.

रोपे: विकत घ्यावीत की तयार करावीत

विकत घेताना पिशवीत चंदनाशेजारी जिवंत यजमान आहे की नाही हे आधी पाहावे. नसेल, तर ते रोप स्वस्त असले तरी घेऊ नये. रोप सात-आठ महिन्यांचे, निदान एक फूट उंच, बुडाशी तपकिरी आणि टणक झालेले असावे. पाने समोरासमोर, वरून चकचकीत हिरवी आणि खालून फिकट असतात. पानांना चंदनाचा वास येतो असे सांगणारा विक्रेता एकतर अजाण असतो किंवा तुम्हाला अजाण समजतो. पिशवीच्या तळातून मूळ बाहेर येऊन गुंडाळलेले रोप नाकारावे. दक्षिणेतून ट्रकने आलेल्या रोपांपेक्षा आपल्याकडच्या जुन्या, सशक्त झाडांच्या बियांपासून केलेली रोपे अधिक भरवशाची असतात. ती इथल्या उन्हाला सरावलेल्या झाडांची संतती असतात, हे एक कारण. आणि कर्नाटक, केरळ, तामिळनाडूतील चंदनाला छळणारा स्पाइक नावाचा रोग आपल्याकडे आणण्याचा धोका टळतो, हे दुसरे. या रोगात पाने लहान आणि दाट होत जाऊन फांदी काट्याच्या झुबक्यासारखी दिसते व झाड दोन-तीन वर्षांत मरते. रस शोषणारे कीटक तो पसरवतात आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही.

घरी रोपे करण्याची तयारी असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकलेली काळसर जांभळी फळे झाडावरून काढावीत, गर धुऊन टाकावा आणि बिया सावलीत वाळवाव्यात. बुलबुल आणि कोकीळ या फळांचे गिऱ्हाईक असल्यामुळे उशीर करून चालत नाही. एका किलोत साधारण सहा हजार बिया बसतात. ताज्या बिया लगेच उगवत नाहीत, त्यांना सुमारे दोन महिन्यांची विश्रांती लागते. पेरण्यापूर्वी जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात, एक लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, रात्रभर भिजवल्यास उगवण लवकर आणि एकसारखी होते. ही पूड पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून ती आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यावी. तीन भाग वाळू आणि एक भाग लाल माती यांच्या वाफ्यात बिया पेराव्यात आणि वाफा ओला ठेवावा, चिखल करू नये. उगवण महिना-सव्वा महिन्यानंतर सुरू होऊन तीन महिन्यांपर्यंत चालते, तेव्हा चाळीस दिवस काही दिसले नाही म्हणून वाफा मोडू नये. चार ते सहा पाने आल्यावर रोप पिशवीत हलवावे. तिथे वाळू दोन भाग, माती एक भाग व कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण भरावे, त्यात थोडी निंबोळी पेंड मिसळावी आणि पहिल्याच आठवड्यात यजमानाची फांदी शेजारी खोचावी. कोवळ्या रोपांचा मोठा शत्रू म्हणजे मर रोग आणि मुळांवरील सूत्रकृमी. मर रोगाचे मूळ कारण बहुधा अति पाणी आणि न कुजलेले शेणखत हेच असते.

लागवड

मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत. मृगाचा पहिला पाऊस झाला की लगेच लावण्याची घाई करू नये. जूनमधील उघडीप नागपुरात कधी कधी दोन-तीन आठवडे लांबते. जमीन वीतभर खोल ओली झाल्यावर, म्हणजे साधारणपणे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, ढगाळ दिवशी संध्याकाळी लागवड करावी. खड्ड्यात वरची माती, पूर्ण कुजलेले शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) घालावा. पिशवी ब्लेडने कापून मातीचा गोळा न फोडता, पिशवीतील यजमानासकट रोप ठेवावे. रोपाचे बूड भोवतालच्या जमिनीपेक्षा दोन-तीन बोटे उंच राहील, अशी माती चढवावी. रोपापासून फूट-दीड फुटावर तुरीचे तीन-चार दाणे टोचावेत. वाऱ्याने रोप हलू नये म्हणून बांबूचा आधार द्यावा, पण सुतळी सैल बांधावी.

पहिली तीन वर्षे

नागपूरचा उन्हाळा हीच खरी कसोटी. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि ४५ च्या पुढचे दिवस तर नागपूरकरांना नवे नाहीत. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पश्चिमेच्या बाजूने तुराटीचा किंवा हिरव्या जाळीचा आडोसा करावा. बुडाशी सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार पसरल्यास ओल टिकते. मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये, कारण त्याखाली उधई येते. ठिबक असल्यास उत्तम, नसल्यास आठवड्यातून दोनदा सकाळी लवकर पाणी द्यावे. पाणी केवळ चंदनाच्या बुडाशी न देता यजमानापर्यंत पोहोचवावे, कारण यजमान तहानलेला असेल तर चंदनही तहानलेलेच राहते. चौथ्या वर्षानंतर पाणी हळूहळू कमी करीत जावे.

निंदणाच्या बाबतीत आपल्या सवयीला मुरड घालावी लागते. आरशासारखे स्वच्छ वावर हा शेतकऱ्याचा अभिमान असतो, पण चंदनाच्या बाबतीत बुडाजवळचे थोडे गवत आणि लहानसहान तण हेही यजमानच असतात. रोपाला झाकणारे तण कापावे, बाकीचे राहू द्यावे. तणनाशक अजिबात वापरू नये, आणि बुडाशी खोल डवरणी करून मुळांचे जुळलेले धागे तोडू नयेत. पाने पिवळी पडू लागली तर युरियाचे पोते उघडण्यापूर्वी यजमान जिवंत आहे का, ते पाहावे.

छाटणी बेताची असावी. बुडातून फुटणारे जादा कोंब काढून एकच खोड सरळ वाढू द्यावे; खालच्या फांद्या एकदम न काढता दोन-तीन वर्षांत सहा-सात फुटांपर्यंत काढाव्यात आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी. शेळ्यांना चंदनाचा पाला फार आवडतो आणि वणवा तर या झाडाला सोसतच नाही, म्हणून कुंपण पहिल्याच दिवशी हवे आणि होळीपूर्वी कडेने जाळरेषा काढलेली हवी.

किडींमध्ये खोडकिडा आणि साल खाणारी अळी यांच्याकडे लक्ष ठेवावे. साल खाणारी अळी संत्रा उत्पादकांना नवी नाही: खोडावर भुसा आणि विष्ठेची जाळी दिसली की ती खरवडून काढावी, छिद्रात तार घालून अळी मारावी आणि छिद्र चिखलाने बंद करावे. खोडकिड्याने पोखरलेला गाभा कुजतो, आणि हे नुकसान पंधरा वर्षांनी कळते. म्हणून वर्षातून दोनदा प्रत्येक झाडाभोवती एक फेरी मारण्याला पर्याय नाही.

नोंद, परवानगी आणि राखण

चंदनाच्या बाबतीत कागद हा खताइतकाच महत्त्वाचा असतो. १७९२ मध्ये टिपू सुलतानाने म्हैसूर राज्यात चंदनाला राजवृक्ष ठरवले, आणि त्यानंतर दोन शतके तिथे झाड शेतकऱ्याच्या जमिनीत असले तरी मालकी सरकारची, अशी व्यवस्था होती. राखण करायची एकाने आणि मालकी दुसऱ्याची, असे असल्यावर खासगी जमिनीत चंदन वाढवण्यात कोणाला रस उरणार? रानातले चंदन मात्र तुटत राहिले, आणि १९९८ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने या झाडाची नोंद असुरक्षित प्रजातींत केली. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तामिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलून मालकी जमीनधारकाला दिली. आजची खासगी लागवड त्यानंतरची आहे.

महाराष्ट्रात चंदन लावण्यास आडकाठी नाही, मात्र महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत ते असल्यामुळे स्वतःच्या शेतातील झाडही लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि तोडलेले लाकूड हलवण्यासाठी वनविभागाचा वाहतूक परवाना लागतो. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. पंधरा वर्षांनी ही परवानगी मागताना पहिला प्रश्न येतो तो झाड तुमचेच कशावरून. म्हणून लागवड केल्याच्या वर्षीच ई-पीक पाहणीत नोंद करावी, तलाठ्याकडून सातबाऱ्यावर झाडांची संख्या चढवून घ्यावी, रोपांची पावती जपून ठेवावी आणि दरवर्षी छायाचित्रे काढावीत. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा.

नागपूर शहरात अंगणात एखादे चंदन लावणाऱ्यांनाही हे लागू आहे. तेथे १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महानगरपालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी लागते. अंगणातील झाडाला कढीपत्ता, मेंदीचे कुंपण किंवा शेजारचा करंज यजमान म्हणून पुरतो.

चोरीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. सिव्हिल लाइन्ससारख्या जुन्या बंगल्यांच्या भागातूनही रात्रीत चंदन कापून नेल्याच्या बातम्या नागपूरकर वर्षानुवर्षे वाचत आले आहेत. माझ्या एका परिचितांच्या अंगणातील झाड पहाटे नाहीसे झाले तेव्हा ते जेमतेम नऊ वर्षांचे होते. चोराला बहुधा पांढरे लाकूडच मिळाले असेल, पण झाड गेले ते गेलेच. गाभा आहे की नाही, हे चोर तोडल्यानंतर पाहतो. म्हणून ज्या शेतावर रात्री कोणी राहत नाही, तिथे चंदनाचा मोठा पसारा मांडू नये. घराजवळची पन्नास झाडे दूरच्या पाचशे झाडांपेक्षा अधिक सुरक्षित असतात. तारेचे कुंपण, त्याला लागून करवंद किंवा सागरगोट्याची काटेरी रांग, उजेड, कुत्रा, आणि दहाव्या वर्षानंतर कॅमेरा, असा खर्च सुरुवातीच्या हिशेबातच धरावा. आपल्याकडे किती झाडे आहेत आणि ती किती जुनी आहेत, याची चर्चा चावडीवर करू नये.

काढणी

झाड काढण्यायोग्य झाले की नाही, हे त्याच्या घेरावरून सांगता येत नाही. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, पोकळ गिरमिटाने पेन्सिलएवढा नमुना काढून गाभा किती जाड आहे ते पाहतात आणि छिद्र मेणाने बंद करतात. हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे आणि एका झाडावर वारंवार करू नये. पंधरा वर्षांच्या आत काढणीचा विचार करू नये. वीस-पंचवीस वर्षे थांबता आले तर गाभाही वाढतो आणि तेलाची प्रतही सुधारते.

परवानगी हातात आल्यावर कोरड्या ऋतूत झाड करवतीने बुडापासून न कापता मुळांसकट खणून काढावे, कारण मुळांतील गाभ्यात तेलाचे प्रमाण खोडापेक्षा जास्त असते. खोड, मुळे आणि जाड फांद्या वेगळ्या करून त्यांवर झाडाचा क्रमांक लिहावा, वजन दोन साक्षीदारांसमोर करावे आणि बाहेरचे पांढरे लाकूड तासण्याचे काम खरेदीदाराच्या माणसावर न सोडता स्वतः उभे राहून करून घ्यावे. तासताना पडणाऱ्या गाभ्याच्या चिरफळ्या आणि भुसाही पोत्यात भरून मोजून घ्यावा. एका वेळी सगळी झाडे काढू नयेत. सर्वांत सरळ आणि निरोगी अशी निदान दहा झाडे बियांसाठी राखून ठेवावीत, आणि खणलेल्या खड्ड्यात माती लोटताना शिल्लक राहिलेल्या मुळांना धक्का लावू नये. पुढच्या पावसाळ्यात त्या मुळांतून कोंब वर येतात. त्यांतला एक जोमदार कोंब ठेवून बाकीचे काढावेत, आणि शेजारचा करंज अजून उभा असेल तर त्या कोंबाला नव्याने यजमान शोधून देण्याची गरज पडत नाही.